कर्ज बँकेचं, घर आपलं: जागतिक बँकेला जाब कसा विचारतात?

धरण, उड्डाणपूल, मेट्रो, वीजकेंद्र अशा मोठ्या कामाच्या फलकावर खाली बारीक अक्षरात कुणाच्या तरी कर्जाचा उल्लेख असतो. कधी जागतिक बँक, कधी आशियाई विकास बँक, कधी जपानची जायका. सरकारी प्रकल्पाचं असं कर्ज सरकार फेडतं, म्हणजे शेवटी आपण सगळे फेडतो. करारावर सह्या होतात सरकारी आणि बँकेच्या अधिकाऱ्यांच्या. ज्याचं शेत, दुकान किंवा किनारा त्या कामात जातो, त्याची सही त्या कागदावर कुठेच नसते.

मग त्याचं नुकसान झालं तर त्याने जायचं कुणाकडे? सरकारी कचेरीत गेलं तर ऐकायला मिळतं, ‘बँकेच्या अटी आहेत’. बँकेला विचारलं तर उत्तर येतं, ‘प्रकल्प सरकारचा आहे, आम्ही फक्त कर्ज देतो’. कोर्टाचा रस्ताही अवघड. या बँका अनेक देशांनी मिळून स्थापन केलेल्या आहेत आणि त्यांना खटल्यांपासून कायद्याचं मोठं संरक्षण आहे. त्यामुळे बँकेला जाब विचारण्याची जी काही सोय आहे, ती बँकेच्या आतच उभी केलेली आहे: बँकेचेच नियम, बँकेनेच नेमलेली पण कारभारापासून वेगळी ठेवलेली चौकशी यंत्रणा, आणि शेवटचा निर्णय बँकेच्याच संचालक मंडळाचा.

ही सोय अपुरी आहे, पण निरुपयोगी नाही. ती कधी चालते आणि कधी चालत नाही, हे मुंबईतल्या झोपडपट्टीत राहणाऱ्यापासून सातपुड्यातल्या शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. नर्मदा, मुंबई आणि कच्छ इथल्या तीन प्रकरणांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. घर बांधून घेतलेल्या कुणालाही ती पटेल: शेवटचा हप्ता आपल्या हातात आहे तोवरच कंत्राटदार गळकी भिंत दुरुस्त करायला येतो. बँकेचंही तसंच आहे. कर्जाचा पैसा सुटायचा बाकी असतो तोवरच तिच्या नियमांना धार असते.

सातबाऱ्यावर नसलेली माणसं

सरदार सरोवर धरणासाठी आणि त्याच्या कालव्यासाठी जागतिक बँकेने मे १९८५मध्ये ४५ कोटी डॉलरचे करार केले. त्या वेळी केंद्राच्या पर्यावरण खात्याची मंजुरीही मिळालेली नव्हती. ती मिळाली जून १९८७मध्ये, तीही अटींवर: अमुक अभ्यास पूर्ण करा, तमुक आराखडे द्या. म्हणजे पैसा आधी ठरला आणि धरणाचे परिणाम तपासायचं काम मागाहून आलं.

बुडितात येणारी गावं २४५. त्यातली १९३ मध्य प्रदेशातली, १९ गुजरातमधली आणि ३३ आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारमध्ये आहेत. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ साली ठरवून दिलं होतं की ज्या खातेदाराची पाव हिश्शाहून जास्त जमीन बुडेल त्याला किमान दोन हेक्टर जमीन मिळावी. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण सातपुड्याच्या डोंगरात कितीतरी आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होती, ती सरकारदरबारी वनखात्याची होती. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. त्यामुळे ज्वारी, मका पिकवणारा, गुरं राखणारा, जंगलातून मोहाची फुलं आणि डिंक आणणारा माणूस पुनर्वसनाच्या यादीत एकतर ‘अतिक्रमणधारक’ किंवा ‘भूमिहीन’ म्हणून आला. महाराष्ट्राच्या धोरणात अशांच्या वाट्याला एक एकर येत होतं.

बँकेच्या करारातली अट मात्र वेगळी होती. विस्थापितांचं राहणीमान निदान पूर्वीइतकं तरी परत उभं राहिलं पाहिजे, असं त्यात लिहिलेलं होतं, आणि त्यात जमिनीचा कागद असलेले आणि नसलेले असा भेद करून चालणार नव्हतं. आदिवासींसाठी बँकेचं वेगळं धोरणही १९८२पासून होतं. थोडक्यात, नियम चांगले होते. ते पाळले जातात की नाही, हे बघणारं कुणी नव्हतं.

ते बघायला लावलं लोकांनी. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाओ आंदोलनाने मणिबेलीपासून बडवानीपर्यंत गावं संघटित केली. डिसेंबर १९९०मध्ये निघालेली संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा इथे अडवली गेली. बाबा आमटेही त्या यात्रेत होते. तिथे जानेवारी १९९१मध्ये तीन आठवडे उपोषण चाललं. एव्हाना अमेरिका, जपान, युरोपातल्या संघटना आपापल्या सरकारांना विचारू लागल्या होत्या की आमच्या पैशातून हे काय चाललंय. शेवटी बँकेने स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करायचं मान्य केलं. असं तिने त्याआधी कधी केलं नव्हतं.

ब्रॅडफर्ड मोर्स हे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख आणि थॉमस बर्जर हे कॅनडातले कायदेपंडित, या दोघांच्या नेतृत्वाखाली आयोग बसला. त्यांचा अहवाल जून १९९२मध्ये आला. आहे त्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही. पर्यावरणावरच्या परिणामांचा नीट विचार झालेला नाही. बँकेने मागे सरून पुन्हा नव्याने विचार करावा. इतकं स्पष्ट. खातेदार नसलेल्या आदिवासींबद्दल आंदोलन जे सांगत आलं होतं, तेही त्या अहवालात ठळकपणे आलं.

बँक लगेच थांबली नाही. ऑक्टोबर १९९२मध्ये संचालक मंडळाने सहा महिन्यांची मुदत आणि अटी घालून कर्ज चालू ठेवलं. मुदत संपत आली तेव्हा, मार्च १९९३च्या अखेरीस, भारत सरकारने उरलेलं सुमारे १७ कोटी डॉलरचं कर्ज नको असं कळवलं.

हा आंदोलनाचा मोठा विजय होता, पण त्याची दुसरी बाजूही आहे. बँक गेली तशी बँकेच्या अटींची पकडही गेली. धरण थांबलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०००मध्ये बांधकामाला वाट करून दिली आणि २०१७मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचं लोकार्पण झालं. पुनर्वसनाची लढाई पुढे तीन राज्यांच्या सरकारांशी, कोर्टात आणि तक्रार निवारण प्राधिकरणांपुढे लढावी लागली.

तक्रार नेमकी कुणाविरुद्ध?

नर्मदेच्या धक्क्यानंतर सप्टेंबर १९९३मध्ये जागतिक बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. ते तीन सदस्यांचं असतं. सदस्याला पाच वर्षांची एकच मुदत मिळते आणि नंतर बँकेत नोकरी करता येत नाही. कारभाऱ्यांचा मिंधेपणा राहू नये म्हणून ही तरतूद. मंडळ कारभाऱ्यांना नाही, थेट संचालक मंडळाला उत्तर देतं. त्याच्याकडे पहिली तक्रार आली नेपाळमधल्या अरुण-३ या जलविद्युत प्रकल्पाची, १९९४ साली. पुढच्याच वर्षी बँकेने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. इतर बँकांनीही मग अशा यंत्रणा उभ्या केल्या. खासगी कंपन्यांना कर्ज देणारी जागतिक बँक गटातली आयएफसी, मनिलाची आशियाई विकास बँक, बीजिंगची एआयआयबी (आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक), प्रत्येकीची यंत्रणा वेगळी आहे. त्यामुळे तक्रार लिहिण्याआधी पैसा नेमका कुणाचा आहे, हे शोधणं पहिलं काम.

इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. हे मंडळ सरकारची चौकशी करत नाही, ठेकेदाराचीही नाही. ते फक्त एवढंच तपासतं की बँकेने स्वतःचे नियम मोडले का आणि त्यामुळे लोकांचं नुकसान झालं का. ‘तहसीलदाराने पैसे खाल्ले’ ही तक्रार तिथे टिकत नाही. ‘ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांची मोजणीच झाली नाही, आणि हे दिसत असूनही बँकेने पैसे सोडले’ ही टिकते.

तक्रार करायला वकील लागत नाही. एकाच परिसरातली दोन बाधित माणसं पुरतात. मराठीत लिहिलं तरी चालतं. नावं गुप्त ठेवायला सांगता येतं, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण गावात राहून प्रकल्पाविरुद्ध सही करणं सोपं नसतं. मुख्य अट अशी: आधी बँकेच्या अधिकाऱ्यांना कळवलेलं असलं पाहिजे आणि त्यांच्या उत्तराने समाधान झालेलं नसलं पाहिजे. तक्रार नोंदली की कारभाऱ्यांनी २१ कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं, मग मंडळ येऊन लोकांना भेटतं आणि चौकशी करावी की नाही याची शिफारस करतं. २०२०पासून यात वाटाघाटींचाही पर्याय आला आहे. दोन्ही बाजू तयार असतील तर मध्यस्थामार्फत तोडगा काढायचा, नाही जमलं तर चौकशी.

आता त्याची मर्यादा. मंडळ निष्कर्ष देतं, भरपाई देऊ शकत नाही. काम थांबवायचा हुकूम काढू शकत नाही. अहवालावर काय करायचं ते बँकेचे कारभारी सुचवतात आणि संचालक मंडळ ठरवतं.

कुर्ल्याच्या दुकानदारांनी काय मिळवलं

मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, सगळे त्याला एमयूटीपी म्हणतात. लोकलचे रूळ वाढवायचे, जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते करायचे. जागतिक बँकेने जून २००२मध्ये ५४.२ कोटी डॉलर मंजूर केले. रुळांलगत आणि रस्त्यांच्या आड येणारी सुमारे एक लाख वीस हजार माणसं हलवायची होती.

या प्रकल्पाचं एक श्रेय त्याला द्यायलाच हवं. जमिनीचा कागद नसलेल्या झोपडीवाल्यालाही २२५ चौरस फुटांचं पक्कं घर फुकट मिळालं. तोवर अशा कामाच्या आड येणारी झोपडी पाडायची तर बहुतेक वेळा बुलडोझर यायचा, घराची चावी क्वचितच मिळायची. बँकेच्या पुनर्वसनाच्या नियमांमुळे हे घडलं, हे मान्य केलं पाहिजे.

पण ते नियम घर डोळ्यासमोर ठेवून राबवले गेले. दुकान मागे पडलं. कुर्ल्याच्या पट्ट्यात रस्त्यावर तोंड असलेली दुकानं होती, कारखाने होते, त्यांत कामाला माणसं होती. अशा दुकानाचं गिऱ्हाईक रस्त्यावरून जातं-येतं. ते उचलून दूर मानखुर्द किंवा अणिकच्या इमारतीत नेलं की जागा मिळते, धंदा मिळत नाही. पूर्वीची जागा कितीही मोठी असली तरी पर्यायी जागेचं माप आखडतं, आणि कामगारांच्या रोजगाराचं काय, हा प्रश्न कुणाच्याच कागदावर नव्हता.

एप्रिल २००४पासून तपासणी मंडळाकडे एकामागून एक तक्रारी गेल्या. पहिली दुकानदारांच्या संघटनेची, नंतर रहिवाशांच्या. मंडळाने प्रत्यक्ष येऊन वस्त्या आणि पुनर्वसनाच्या इमारती पाहिल्या. डिसेंबर २००५च्या अहवालात बँकेवर बरेच ठपके आले. बाधितांची, विशेषतः दुकानदारांची, मोजणी कमी पडली; उत्पन्न परत उभं करण्याकडे दुर्लक्ष झालं; लोकांशी बोलणं नावापुरतं राहिलं; तक्रार ऐकणारी यंत्रणा स्वतंत्र नव्हती. मला सगळ्यात बोलकी वाटते ती आणखी एक नोंद: पुनर्वसनाचा वेगळा प्रकल्प करायचं आधी ठरलं होतं, मग तो वाहतुकीच्या प्रकल्पातच घालून टाकला, आणि तिथून पुनर्वसनाकडचं लक्ष सैल पडलं.

१ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा पैसा थांबवला. जे दोन वर्षांच्या अर्जविनंत्यांनी झालं नव्हतं, ते त्यानंतर हलू लागलं. दुकानदारांशी वाटाघाटी, याद्यांची दुरुस्ती, तक्रारींची सुनावणी, इमारतींच्या सोसायट्यांची कामं यांवर राज्य सरकारने पावलं उचलली आणि २९ जूनला स्थगिती उठली. जेमतेम चार महिने. पैसा सुटायचा बाकी होता म्हणून हे घडलं.

सगळं सुटलं असं मात्र नाही. सात मजली इमारतीत लिफ्टचं बिल, पंपाची वीज, सोसायटीचा मेंटेनन्स हे खर्च पूर्वी झोपडीत नव्हते आणि कमाई तर तुटलेली होती. कर्ज संपलं की बँक निघून जाते आणि लिफ्ट बंद पडते ती त्यानंतर. सांताक्रूझ-चेंबूर रस्ता एप्रिल २०१४मध्ये एकदाचा खुला झाला. त्याच्या उशिराच्या बातम्यांत पुनर्वसनाला ‘अडथळा’ म्हटलं जायचं, याचा मला आजही राग येतो. माणसांची मोजणी सुरुवातीलाच नीट झाली असती तर रस्ताही लवकर झाला असता.

मुंद्रा: दोष सापडला, पुढे काय?

कच्छच्या किनाऱ्यावर मुंद्र्याजवळ टाटा पॉवरच्या कंपनीने ४००० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र उभारलं. आयएफसीने २००८मध्ये त्याला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. आशियाई विकास बँकही त्यात होती.

या किनाऱ्यावर वाघेर मच्छीमार वर्षातले आठ-नऊ महिने ‘बंदर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाळूच्या पट्ट्यांवर झोपड्या बांधून राहतात. मासे धरतात, तिथेच सुकवतात आणि पावसाळ्यात आपल्या गावी जातात. त्यांतले पगडिया मच्छीमार तर होडीशिवाय, पायी जाऊन भरती-ओहोटीच्या पाण्यात जाळी लावतात. म्हणजे किनाऱ्यालगतचं उथळ पाणी हेच त्यांचं शेत. वीजकेंद्र यंत्रं थंड करून तापलेलं पाणी एका मोठ्या चरातून समुद्रात सोडतं, ते नेमकं तिथेच.

२०११मध्ये मच्छीमारांच्या संघटनेने आयएफसीच्या लोकपाल कार्यालयाकडे, म्हणजे कॉम्प्लायन्स अॅडव्हायझर ऑम्बुड्समनकडे, तक्रार केली. ऑक्टोबर २०१३मध्ये जाहीर झालेल्या अहवालाने मान्य केलं की या हंगामी वस्तीचा विचार परिणामांच्या अभ्यासात पुरेसा झाला नाही आणि आयएफसीने तो होईल याची खात्री केली नाही. नंदुरबारमध्ये सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस सुटला होता, इथे बारमाही पत्ता नसलेला सुटला. आयएफसीच्या कारभाऱ्यांनी अहवालातले बरेच मुद्दे नाकारले. केंद्राची पाचही युनिटं तोवर उभी राहिली होती. आशियाई विकास बँकेच्या तपासणी पथकानेही २०१५मध्ये नियमभंगाचे निष्कर्ष दिले.

मग मच्छीमार अमेरिकेतल्या कोर्टात गेले, कारण आयएफसीचं मुख्यालय वॉशिंग्टनमध्ये आहे. आयएफसीचं म्हणणं, आमच्यावर खटलाच होऊ शकत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी सांगितलं की असं सरसकट संरक्षण नाही. परक्या देशाच्या सरकारला जेवढं मिळतं तेवढंच अशा संस्थेला मिळेल, आणि व्यापारी व्यवहारांत ते संपू शकतं. कच्छच्या मच्छीमारांनी जगभरच्या प्रकल्पग्रस्तांसाठी हे दार उघडलं. पण त्यांना स्वतःला त्यातून आत जाता आलं नाही. खालच्या कोर्टाने २०२०मध्ये ठरवलं की नुकसानीचं मूळ भारतातल्या कामात आहे, अमेरिकेत नाही. २०२१मध्ये अपील फेटाळलं गेलं आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ऐकायला नकार दिला.

दोष सिद्ध झाल्यावर भरपाई कोण देणार, हा प्रश्न तिथेच राहिला. आयएफसीच्या जबाबदारीचा आढावा घेणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांनी २०२०मध्ये स्पष्ट शिफारस केली की नुकसानीला हातभार लावलेला असेल तर दुरुस्तीच्या खर्चातही वाटा उचलावा. माझ्या मते हे सगळ्यात आधी व्हायला हवं होतं.

कागद कुठला मागायचा आणि कधी

जागतिक बँकेचे आजचे नियम १ ऑक्टोबर २०१८पासून लागू आहेत. एकूण दहा मानकं. कामगार, प्रदूषण, जमीन संपादन आणि पुनर्वसन, जैवविविधता, आदिवासी समाज, वारसा, लोकांना माहिती देणं असे विषय त्यांत येतात. पुनर्वसनाच्या मानकात मालकीचा कागद नसलेला कसणारा किंवा राहणारा माणूसही बाधित धरला जातो. प्रत्येक प्रकल्पाला जोखमीनुसार उच्च, लक्षणीय, मध्यम किंवा कमी अशी श्रेणी मिळते. आपल्या भागातल्या प्रकल्पाची श्रेणी जरूर पाहावी, कारण लोक हलवायचे असूनही ती कमी लावलेली असेल तर पहिली हरकत तिथेच घेता येते.

सगळ्यात कामाचा कागद म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक वचनबद्धता आराखडा. हजारो पानांचे अहवाल वाचणं कुणाला शक्य नसतं. हा आराखडा त्या मानाने छोटा असतो. कोणतं काम कुणी, कधीपर्यंत करायचं ते त्यात तक्त्यात मांडलेलं असतं, आणि तो कर्जकराराचा भाग असतो. ‘विस्थापनाआधी मोबदला’ असं त्यात असेल आणि पैसे न देता घर पाडायला माणसं आली, तर तो तक्ता पुढे ठेवता येतो. सोबत पुनर्वसन आराखडा मागावा आणि त्यातली गणनेची तारीख पाहावी. त्या तारखेनंतर आलेल्यांना सहसा हक्क मिळत नाही, आणि त्या दिवशी जो हंगामी कामावर बाहेरगावी होता तो यादीतून गळतो. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब गळण्याची भीती आपल्याकडे खरीच आहे.

हे कागद बँकेच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाखाली असतात. आयएफसीने मोठ्या जोखमीच्या प्रकल्पाची माहिती संचालक मंडळापुढे जाण्याआधी किमान ६० दिवस जाहीर करायची असते, मध्यम जोखमीची ३० दिवस. त्या दिवसांत गावाला सहसा पत्ताच नसतो. ग्रामपंचायतीत कळतं तेव्हा मोजणीवाले बांधावर उभे असतात. ठरावीक गावात, ठरावीक वस्तीत बैठक झाली का, कुणाला बोलावलं, इतिवृत्तात काय लिहिलं, हे त्या मुदतीत विचारलेलं असलं की पुढची तक्रार पक्की होते.

मंजुरीनंतरही वेळ असते. पैसा टप्प्याटप्प्याने सुटत असतो, बँकेचं पथक ठरावीक काळाने पाहणीला येतं आणि पाहणीच्या नोंदी प्रसिद्ध होतात. त्या पथकाला वस्तीत यायला लावणं, फोटो आणि तारखांसह लेखी निवेदन देऊन पोच घेणं, हे तेव्हाच करायचं. तपासणी मंडळाकडे आता कर्ज बंद झाल्यावरही १५ महिन्यांपर्यंत तक्रार करता येते. पूर्वी जवळपास सगळी रक्कम सुटली की दार बंद व्हायचं, त्यामानाने ही सुधारणा आहे. पण या १५ महिन्यांत रोखून धरायला बँकेच्या हातात पैसा उरलेला नसतो. म्हणून यादीत नाव नाही असं कळलं, त्याच आठवड्यात पहिलं पत्र बँकेच्या दिल्ली कार्यालयाला गेलेलं बरं.